किनारा रिकामा होता

मालवण,
रविवार, १६ फेब्रुवारी १९६४

प्रिय एडू,

पाच तारखेला, बुधवारी, सकाळी आठ वाजून बारा मिनिटांनी माझं सगळं उलटंपालटं झालं. मिनिटं इतकी पक्की सांगतो, कारण विमानातलं घड्याळ तिथेच थांबलं होतं आणि ते माझ्याच हाताने कागदावर लिहिलं गेलंय. पण आधी खुशाली. तुझं कार्ड मिळालं. प्रॅक्टिकल्स तोंडावर आली म्हणून चारच ओळी लिहिल्यास, माफ केलं. इकडे सगळे बरे. तुझी आई शुक्रवारी बाजारात भेटली. "एडवर्ड माका लिवना नाय. तुका तरी लिवता काय?" मी म्हटलं, लिहितो की, दर रविवारी चर्चला जातो असंही लिहितो. तेव्हा तिला एक पत्र टाक आणि माझी थाप सावरून घे.

आता विमान. तुमच्याकडे पेपरात कोपऱ्यात आलं असेल. किनाऱ्याचे वरून फोटो काढणाऱ्या एका खाजगी कंपनीचं दोन माणसांचं विमान देवबागच्या बाजूने येत होतं. इंजिन खोकलं, परत खोकलं आणि गप्प झालं. ओहोटी होती. आपली पुळण ओहोटीला कशी असते ते तुला ठाऊक आहे, ओली, कडक वाळू, मैलभर सरळ. सायकलवरून उतरावं तसा उतरला असता. पण हा शहाणा अगदी खाली आल्यावर दर्याकडे वळला. एक पंख पाण्याला टेकला, विमानाने कोलांटी खाल्ली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन पडलं. मी घरीच होतो. आवाज ऐकून धावलो.

मागे बसलेल्या फोटोग्राफरचा पाय मोडला, त्याला बेळगावला हलवलं. तो पूर्ण वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून बसलेला, त्याने काही पाहिलं नाही, आणि फिल्म भिजून गेली. वैमानिकाचं डोकं फुटलं, डावा हात मोडला. त्याला उचलून कुठे नेलं म्हणतोस? गणपत कंपौंडरांच्या घरी. म्हणजे जानकीच्या घरी.

जानकी कोण हे तुला सांगायला नको. हॉस्टेलात तिच्या नावाने चिडवून तू माझ्या उशांचा कितीतरी मार खाल्ला आहेस. आता ती वाडीतल्या शाळेत शिकवते. सकाळी शाळा, दुपारी रुग्णसेवा.

बर्वे नाव त्याचं. पुण्याचा. सत्तावीसचा असेल. रेडिओवर बातम्या सांगाव्यात तशी मराठी बोलतो. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "तुम्हा सगळ्यांना फार त्रास झाला." डोक्याला सात टाके आणि हा आभार मानतोय! असल्या माणसांची मला मुळापासून चीड आहे.

परवा बांगडे घेऊन गेलो. निमित्तच, दुसरं काय. तो पडवीत खाटेवर. जानकी त्याला पेज भरवत नव्हती, खोटं कशाला सांगू, एक हात त्याचा धड आहे. पण वाडगा धरून उभी होती.

"काय गो, पेशंट जेवलो काय?"

"पेशंटाक नाव आसा," ती म्हणाली. "आणि बांगडे आवशीकडे दी. हयसर वास मारतत."

"बांगड्याचो वास कधीपासून मारूक लागलो तुका?"

तिने नुसता वाडगा खाली ठेवला. तो मात्र म्हणाला, "मला आवडतो हा वास." त्यावर ती हसली. एडू, बांगडे मी आणले आणि हसू त्याला!

त्याच्या हाताच्या प्लास्टरवर शाळेतल्या पोरांनी पेन्सिलीने नावं लिहिलीत. मी सगळी वाचली. कोपराजवळ, आतल्या बाजूला, एक नुसता 'ज' आहे. शाळेत जयवंत नावाचा पोर आहे, जनार्दन पण आहे. मी विचार करून करून डोकं फिरवून घेतलंय.

तर नोकरी. मुंबईहून अपघाताच्या चौकशीचे साहेब आलेत, सुखठणकर नाव. डाक बंगल्यात उतरलेत. साक्षी लिहून घ्यायला माणूस हवा होता. आपली माणसं मालवणीत सांगणार, ते शुद्ध मराठीत उतरवायचं आणि साहेबांसाठी इंग्रजीत गोषवारा करायचा. अक्षर चांगलं, इंग्रजी येतं आणि दिवसभर रिकामा, या तिन्ही बाबतीत तालुक्यात माझा पहिला नंबर. मामलेदार कचेरीने माझंच नाव दिलं.

साहेब सुकलेल्या सुपारीसारखा माणूस आहे. आवाज चढवत नाही. पहिल्याच दिवशी माझी कानउघाडणी झाली. एका साक्षीदाराने सांगितलं, "इमान दर्याकडे वळला." मी लिहिलं, 'विमान निष्काळजीपणे समुद्राकडे वळले.' साहेबांनी वाचलं, टाचणीचं टोक त्या शब्दावर ठेवलं.

"हा शब्द कोणाचा? साक्षीदाराचा की तुमचा?"

माझं तोंड तापलं. "अर्थ तोच होतो, साहेब."

"अर्थ मी काढीन. तुम्ही फक्त काय झालं ते लिहा." आणि मला तो अख्खा कागद परत लिहायला लावला.

आतापर्यंत चौदा साक्षी झाल्या. पहिली आमच्या बाबांची, रापणीचे तांडेल म्हणून. साहेबांना रापण माहीत नव्हती, मी समजावली: मोठं जाळं होडीतून समुद्रात गोल टाकायचं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोरीला वीस-वीस माणसं लागून ते पुळणीवर ओढायचं; कधी टाकायचं आणि कधी ओढायचं ते तांडेल सांगणार. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी रापण होती का? बाबा म्हणाले, "नाय." आमच्या देवीची पाळणूक तुला आठवत असेल. कौल झाला की तीन दिवस दर्यात जाळं नाही. यंदा चार, पाच, सहा तारीख. मग पुळणीवर कोण कशाला जाईल? चौदाही जणांनी तेच सांगितलं आणि मी चौदा वेळा एकच वाक्य लिहिलं: 'किनारा रिकामा होता.'

लिहिताना हात दुखला, बाकी काही नाही.

तुझा,
सत्यवान


मालवण,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

प्रिय एडू,

तुझं उत्तर यायच्या आत दुसरं पत्र लिहितोय, म्हणजे समज. इकडे प्रकृत्या ठीक. तुझ्या आईला तुझं पत्र पोचलं. ते तिने मला वाचायला दिलं, चर्चचा उल्लेख छान जमलाय.

साहेब दुपारी तासभर झोपतात. तेवढ्या वेळात वाचायला म्हणून त्यांनी मला जुन्या अपघातांच्या चौकशीचे अहवाल दिले. त्यांनी पेटीभर आणलेत. मला वाटलं होतं, रटाळ सरकारी कागद. एडू, मला फिजिक्सच्या पुस्तकाने कधी असं बांधून ठेवलं नाही. एका विमानाने पेट्रोल भरलं आणि उडालं, दहा मिनिटांत पडलं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं होतं. अहवालाच्या शेवटी शिफारस एका ओळीची: दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी टाकीच्या तळातून पेलाभर पेट्रोल काढून उजेडात धरून पाहावे. बस. त्या एका ओळीमागे सहा माणसं मेलेली. दुसऱ्या एका अहवालात उंची दाखवणारा काटा सकाळच्या हवेच्या दाबावर लावलेला होता, दाब बदलला, काटा कुणी परत लावला नाही, आणि ढगात डोंगर आला. तिथेही एकच ओळ.

मी साहेबांना विचारलं, "मग गुन्हेगार कोण ठरला?"

"शोधला नाही."

"का?"

"गुन्हेगार सापडला की माणसं घरी जातात, सत्यवान. कारण तिथेच पडून राहतं."

असं बोलतात. मग पान लावतात.

पेटीत दोन अहवाल एकाच दोऱ्याने बांधलेले होते. मला वाटलं चुकून. पहिल्यात एक विमान पडलं, वैमानिकासकट चार गेले. शेपटीच्या पट्टीचे बोल्ट सकाळी तपासले होते का, असं मैदानावरच्या कामगाराला विचारलं. तो म्हणाला, तपासले. नोकरी जाईल म्हणून म्हणाला. मग कारण काय लिहिणार? 'वैमानिकाची चूक.' दुसरा अहवाल सात महिन्यांनंतरचा. तसंच विमान, तीच पट्टी, तेच बोल्ट. अकरा माणसं. तेव्हा तो कामगार रडत रडत सांगायला आला. साहेब म्हणाले, "दोरा मी मुद्दाम बांधलाय. लिहून घेणाऱ्या प्रत्येकाला वाचायला देतो."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. कारण विचारू नकोस.

बुधवारी बर्व्याची साक्ष झाली. गळ्यात हात अडकवून आला. जानकी त्याच्याबरोबर डाक बंगल्यापर्यंत आली होती, छत्री धरून. फेब्रुवारीत छत्री! ऊन लागतं म्हणे टाक्यांना. मी खिडकीतून बघत होतो. तिने फाटकाशी त्याला काहीतरी सांगितलं, त्याने मान डोलवली. तेवढ्यावरून मी पुढची दोन पानं इतक्या जोरात लिहिली की टाकाचं निब वाकडं झालं.

तो म्हणाला, इंजिन पेट्रोलात पाणी आल्यासारखं खोकून थांबलं. कंपनीची पिंपं घाटावरच्या मैदानावर उघड्यात उभी ठेवलेली असतात, झाकणावर दहिवर साचतं, तेच आत जातं, मी दोनदा तक्रार केली होती. साहेब म्हणाले, पुरावा? इंजिनाखाली एक काचेची वाटी असते, पेट्रोलातलं पाणी तिच्यात उतरतं. ती फुटली आणि टाकीत दर्या शिरला. आता कुठलं पाणी कुठलं, सांगणार कोण? कंपनी म्हणते पेट्रोल शुद्ध होतं, यानेच काहीतरी घोळ केला.

मग साहेबांनी विचारलं, "इंजिन बंद पडलं, उंची कमी असली, तर काय करायचं?"

"नाकासमोर उतरायचं. वळायचं नाही."

"समोर मैलभर पुळण होती. तुम्ही वळलात."

"पुळणीवर माणसं होती."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मला वाटलं पाहिलं. बर्वे पुढे म्हणाला, "तीस-चाळीस असतील. दोरी ओढत होती. मला बघून बाजूला पळाली. एक जण पळाला नाही. त्याच्या कमरेला दोरी गुंडाळलेली होती. बाकीचे उघडे होते, त्याच्या अंगात पांढरा सदरा होता. चेहरा आठवत नाही. सदरा आठवतो."

मी लिहिलं. प्रत्येक शब्द जसाच्या तसा. साहेबांना एकही टाचणी लावावी लागली नाही.

तो गेल्यावर साहेब बराच वेळ चौदा साक्षींचा गठ्ठा चाळत बसले. म्हणाले, "चौदा माणसं म्हणतात किनारा रिकामा होता. हा म्हणतो माणसं होती. याचं हे खोटं ठरलं, तर पिंपांबद्दलचं कोण खरं मानणार?" आणि गठ्ठा बाजूला सारत, "त्याच पिंपांतलं पेट्रोल भरून कंपनीचं दुसरं विमान रत्नागिरीकडे उडतंय. त्यातली दोन्ही पोरं तुमच्याच वयाची आहेत."

मी म्हटलं, "डोक्याला मार लागलाय. भास झाला असेल त्याला."

कुणी विचारलं होतं मला? पण मी म्हटलं. साहेब "हूं" म्हणाले आणि ते कुठेही लिहिलं नाही.

अहवालात 'वैमानिकाचा चुकीचा निर्णय' लागला तर त्याचं लायसन्स जाईल. पुण्याला जाऊन बसेल कुठेतरी कारकून होऊन. माझ्यासारखा. हे मनात आलं तेव्हा मला बरं वाटलं, एडू. तुझ्यापाशी कसली लाज. खूप बरं वाटलं. संध्याकाळी मी वाडीपर्यंत शीळ घालत गेलो, आणि शीळ घालता घालताच ते दोऱ्याने बांधलेले अहवाल डोळ्यांसमोर आले.

आणखी एक. सगळे समजतात की रेक्टरशी भांडून मी कॉलेज सोडलं. तूही तेच समजतोस. भांडलो हे खरं, त्याच्या टेबलावरची दौत उलटी केली हेही खरं. पण ते आधीच ठरवलेलं निमित्त होतं. त्या आठवड्यात आईचं पत्र आलं होतं की वेंगुर्ल्याहून जानकीला बघायला माणसं येतायत. मला तिथे थांबवेना. मी आलो तोपर्यंत ती माणसं येऊन, पोहे खाऊन, नापसंती कळवून गेलीसुद्धा. जानकीला मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. मनात मात्र मी कितीजणांचे हात मोडलेत!

याचा एक आयता मोडलेला आला, आणि तिने तो हातात धरला.

सत्यवान


तारकर्लीच्या अलीकडची आमची वाडी,
मंगळवार, २५ फेब्रुवारी, सकाळ

एडू,

खुशाली विचारण्याइतका वेळ नाही. चौकशी आटोपून साहेबांची जीप साडेदहाला सुटते आणि इथून डाक बंगला तासभर पायी आहे. तुझं पत्र काल आलं. तू लिहिलंस, "तू घरीच होतास ना? मग एवढा का तडफडतोस?" तुझ्या त्या प्रश्नाने माझा रात्रभर डोळा लागू दिला नाही.

मी घरी नव्हतो. तुला पहिल्याच पत्रात थाप मारली.

झालं असं. पाच तारखेला पहाटे बांगड्याचा थवा अगदी किनाऱ्याला लागला. पाणी काळं झालं होतं. महिनाभर रापणीला धड काही लागलं नव्हतं. पाळणुकीचा दुसरा दिवस. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "टाका." एक शब्द. चाळीस माणसांनी ऐकला आणि चाळीस माणसांनी ठरवलं की ऐकला नाही. मलाही उठवलं, "हात मोकळे घेवन काय बसतंस?" मी हॉस्टेलचा पांढरा सदरा घालूनच गेलो. बाकीच्यांसारखं उघड्याने उभं राहायची मला आता लाज वाटते. आणि दोरी कमरेला दोन वेढे घालून ओढायची माझी ती खोड. हाताला फोड येत नाहीत. बाबा नेहमी ओरडतात, "कमराक गुंडाळू नको, जाळा वढीत नेयत तुका." त्या दिवशीही ओरडले.

विमान आलं तेव्हा सगळे दोऱ्या टाकून पळाले. जाळ्याचा सगळा ताण माझ्या एकट्याच्या कमरेवर आला. वेढे सुटेनात. समोरून ते येत होतं, आवाज न करता. इंजिन बंद पडलेलं विमान किती गुपचूप येतं, तुला कल्पना नाही. मी त्याचं तोंड बघितलं, एडू. काचेमागे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि वळला.

बस. ज्याचं लायसन्स जावं म्हणून मी बसल्या जागी नवस करत होतो, त्याचा हात माझ्यासाठीच मोडला होता.

पुढचंही लिहितो, अर्धं सांगून ठेवत नाही. बाबांनी येऊन कोयत्याने दोरी तोडली आणि मला सोडवलं. सोडवल्यावर एक क्षण मला घट्ट धरलं, आणि मग वळून ओरडले, "जाळा आवरा!" निम्मे पाण्यात धावले त्या दोघांना काढायला, निम्मे जाळं होडीत भरत होते. मी दुसऱ्यांतला. भरती चढली, पावलं पुसली गेली. गावाला कळलं असतं की पाळणुकीत रापण टाकली, तर वर्षभर जाळं सुकत पडलं असतं आणि बाबांची तांडेलकी गेली असती. म्हणून किनारा रिकामा. बाबांनी सगळ्यांना बसवून पाठ करून घेतलं. ते चौदा जण साहेबांसमोर घडाघडा बोलले, त्यात नवल नाही.

पण बाबा खोटं बोलले ते चाळीस घरांसाठी. मी गप्प राहिलो ते कशासाठी? पोटापाण्याचं कारण मी पुढे केलं असतं, तर तुलाही खरं वाटलं असतं. मी गप्प राहिलो, कारण जानकी त्याला बघून हसली. पेनाने नव्हे, दातांनी लिहिलं मी ते वाक्य, चौदा वेळा.

परवा ती शाळेच्या विहिरीवर भेटली. पाणी ओढत होती. मी म्हटलं, दे मी ओढतो. तिने दोर सोडला नाही.

"नको. तू कमराक गुंडाळतलंस."

मी मागे सरलो. तिने आणखी दोन हात दोर ओढला.

"ते बोलले माका. सदरो आणि कमराची दोरी. आपल्या वाडीत असो शाणो एकच आसा."

"मग सांगलंस तेंका?"

"मी कित्या सांगू? मी थयसर होतंय काय? होतंस तो तू."

खरं तर मी तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. मी विचारलं, "तुका तो आवडता?"

तिने कळशी भरून काठावर ठेवली. पदराने हात पुसले.

"आवडता," ती म्हणाली. "मगे? म्हणान तू खोटा लिवतलंस?"

"तेका म्हायत आसा? तुझा?"

"नाय. तेंका इमानाशिवाय काय म्हायत आसा! दिवसभर पिंपांची आणि त्या दुसऱ्या इमानाची चिंता." मग कळशी कमरेवर घेताना माझ्याकडे न बघता, "आणि तू माझ्यासाठी कॉलेज सोडलंस ता माका म्हायत आसा. तुझी आवस सांगी होती. मी सांगूक नव्हता सोड म्हणान. ता माझ्या डोक्यार ठेव नको, सत्या."

गेली. एडू, मी विहिरीच्या काठावर किती वेळ बसलो होतो देव जाणे. पहिल्यांदा राग आला, मग आणखी राग आला, आणि तिसऱ्यांदा राग यायची वाट बघत बसलो तर आला नाही. तेच दोऱ्याने बांधलेले दोन अहवाल परत आठवले. चार, आणि मग अकरा. पहिल्या वेळी त्या कामगाराने सांगितलं असतं तर दुसरा अहवाल लिहावाच लागला नसता. इथे अजून पहिलाच अहवाल चाललाय. दुसरा कुणी लिहिलेला नाही. ती दोन पोरं आज सकाळीही उडाली असतील.

काल संध्याकाळी बाबांना सांगितलं. जाळं विणत होते. हात थांबला नाही त्यांचा.

"तेका काय? तो पुण्याचो. आज ही नोकरी, उद्या दुसरी. आमची रापण बसली तर चाळीस घरां खंय जातली?"

"बाबा, तो वळलो नसतो तर मी नसतंय."

"देवीन वाचवल्यान तुका."

"देवीची पाळणूक मोडून आमी थयसर उभे होतो, आणि देवीन वाचवल्यान?"

आता हात थांबला. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर सोपं होतं, मीही मग दोन शब्द बोललो असतो आणि नेहमीसारखं भांडण होऊन सगळं फिटलं असतं. त्यांनी विणायची सुई खाली ठेवली आणि इतक्या हळू बोलले की आतून आईला ऐकू गेलं नसेल. "दोरी मी तोडलंय. ह्या हातान. तुका जित्तो काढलंय तो माका गावात नागडो करूक? जा. पण गेलंस तर ह्या घराचो उंबरो परत चढा नको."

त्या तोडलेल्या दोरीला बाबांनी नंतर गाठ मारली. खोपीत आहे ती अजून. साहेबांना तीच दाखवीन. चौदांसमोर एकट्या माझं तोंड पुरणार नाही, पण दोरी साक्ष देईल, नवी गाठ आणि कोयत्याचा काप. म्हणजे बघ, ज्या हाताने मला वाचवलं त्याच हाताची खूण मी पुरावा म्हणून देणार.

मी सुधारलो वगैरे समजू नकोस. त्याच्या प्लास्टरवरचा 'ज' आठवला की अजूनही कानशिलं तापतात. त्याचं लायसन्स राहील, तो परत उडेल, आणि एक दिवस याच किनाऱ्यावरून जाताना ती अंगणात येऊन वर बघेल. मला ते दिसतंय. मला ते अजिबात नको आहे. तरी जातोय. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे मला या महिन्यात कळलं, कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

आई चुलीपाशी आहे. मघाशी दोन भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याचा तुकडा फडक्यात बांधून माझ्या वहीवर ठेवून गेली.

पुढचं पत्र घरच्या पत्त्यावर टाकू नकोस. मालवणच्या पोस्टात माझ्या नावाने ठेवायला सांग, मी विचारत जाईन. कुठे राहीन ते ठरलेलं नाही. साहेबांबरोबर मुंबईला जाऊ म्हटलं तर ते नेणार नाहीत. खोटं लिहिलेला कारकून कोण नेतो?

बाबा पडवीत बसलेत, दाराकडे पाठ करून. त्यांच्या बाजूनेच जावं लागणार. ते वर बघणार नाहीत आणि मीही थांबणार नाही, थांबलो तर संपलं. पत्र पाकिटात घालतो आणि उठतो. बाहेर पडल्यावर दार मीच ओढून घेईन. त्यासाठी त्यांना उठायला लागू नये.

तुझा, निदान तुझा तरी,
सत्यवान